निकॉन कूलपिक्स पी९५०: वीस मीटरवरून पिंगळा टिपायचा असेल तर

पिंगळा हे साळुंकीएवढं, जेमतेम २१ सेंटिमीटरचं घुबड. गावच्या वेशीवरचा वड, बांधावरचा जुना आंबा, रस्त्याकडेचा शिरीष, पडक्या वाड्याच्या भिंतीतली फट. जागा मनासारखी मिळाली की जोडी तिथेच मुक्काम ठोकते. मुलांना घेऊन पक्षी बघायला निघालेल्या कुटुंबाला घुबड दिसण्याची सगळ्यात भरवशाची संधी त्यामुळे पिंगळ्याचीच. फोटो मात्र सहजी मिळत नाही. मोबाइलमध्ये येतो तो करडा ठिपका, आणि मोबाइल पुढे धरून झाडाखाली गेलं की पक्षी मान खालीवर करतो, ताठ होतो आणि ढोलीत शिरतो. चार माणसं आणि दोन मुलं एकदम पुढे सरकली तर त्याआधीच.

म्हणून असल्या सहलीसाठी लांबूनच भागवणारा कॅमेरा हवा. २०२० साली आलेला पी९५० याच कामाचा आहे. लेन्स बदलायची नाही, फुल-फ्रेम कॅमेऱ्याच्या (३६ बाय २४ मिलिमीटर सेन्सरच्या) हिशेबात २४ ते २००० मिलिमीटरचा पल्ला एकाच नळीत, वजन बॅटरीसकट साधारण एक किलो. एवढ्याच पल्ल्याची लेन्स वेगळ्या कॅमेऱ्यावर लावायची म्हटली तर ती उचलायला स्वतंत्र माणूस लागेल. ८३ पट झूम हा खोक्यावरचा आकडा ऐकायला भारी वाटतो, पण पिंगळ्याच्या हिशेबात त्याचा अर्थ काय ते आधी बघू.

पूर्ण झूमवर, म्हणजे २००० मिलिमीटरला, २० मीटर अंतरावरची फ्रेम सुमारे २६ सेंटिमीटर उंच असते. २१ सेंटिमीटरचा पिंगळा त्यात फ्रेमच्या चार पंचमांश उंची व्यापतो. डोक्यावर बोटभर मोकळी जागा, पायाखाली थोडी फांदी. यापेक्षा मोठा पक्षी नकोच असतो. ३० मीटरवरून तो निम्म्याहून थोडा जास्त राहतो आणि १५ मीटरवर डोकं ते पाय फ्रेममध्ये मावत नाही, झूम मागे घ्यावा लागतो. कॅमेरा १६ मेगापिक्सेलचा, फ्रेमची उंची ३४५६ पिक्सेल. म्हणजे २० मीटरवरून पक्ष्याच्या वाट्याला साधारण २८०० पिक्सेल येतात. भिंतीवर लावायच्या छापील फोटोलाही ते पुरून उरतात. तेव्हा झाडापासून २० मीटर, मोठ्या माणसाची पंचवीस-सव्वीस पावलं, ही रेघ आखून घ्या आणि घरातल्या सगळ्यांना सांगून ठेवा. तिच्या पुढे जाण्याचं कारण हा कॅमेरा उरू देत नाही. हीच त्याची मोठी जमेची बाजू.

आता उणी बाजू. एवढी लांब लेन्स एक किलोत बसवायची तर सेन्सर लहान ठेवावा लागतो. याचा सेन्सर १/२.३ इंची, क्षेत्रफळाने फुल-फ्रेमच्या साधारण तिसाव्या भागाएवढा. त्यात पूर्ण झूमला लेन्सचं तोंड एफ ६.५ पेक्षा जास्त उघडत नाही (एफचा आकडा जेवढा मोठा तेवढं छिद्र लहान). थोडक्यात, याला ऊन लागतं. आणि पिंगळा बाहेर येतो तो दिवेलागणीला. खरा पेच हा आहे, आणि तो कॅमेऱ्यातल्या कुठल्याही सेटिंगने सुटत नाही. सुटतो तो वेळ निवडून. थंडीच्या दिवसांत, नोव्हेंबर ते जानेवारी, पिंगळे सकाळी ढोलीच्या तोंडाशी ऊन खात बसतात. पूर्वेकडे किंवा आग्नेयेकडे तोंड असलेली ढोली, वेळ साडेसात ते नऊ, सूर्य तुमच्या पाठीशी. हा दीड तास पी९५०चा. नऊनंतर मोकळ्या रानावरून झळा उठायला लागतात, आणि २००० मिलिमीटरला त्या झळा पिसांच्या कडा विरघळल्यासारख्या दाखवतात. अशा फोटोला पुष्कळ जण फोकस चुकला म्हणून दोष देतात. दोन फोटो लागोपाठ ताडून बघा: कडा वेगवेगळ्या जागी वाकलेल्या दिसल्या तर दोष हवेचा, कॅमेरा आवरा. संध्याकाळी सूर्य मावळेपर्यंतच उपयोग. रात्री हा कॅमेरा बाहेर काढूच नये. फोकस अंधारात मागेपुढे धावत राहतो, आणि प्रकाश पुरवायचा म्हणून टॉर्च मारला तर पक्ष्याचे डोळे दिपतात, त्याची शिकार बुडते.

मोड डायलवर पक्ष्याचं चित्र असलेला खास मोड आहे. नवशिक्याने पहिल्या दिवशी तो वापरायला हरकत नाही, पण आयएसओ (सेन्सर प्रकाशाला किती संवेदनशील ठेवायचा तो आकडा) आपल्या हातात राहत नाही. पिंगळ्यासाठी एस मोड बरा, त्यात शटरचा वेग आपण ठरवतो. शटर १/२५० सेकंद, आयएसओ ऑटो पण १०० ते ८०० या मर्यादेत बांधलेला. छिद्र कॅमेरा स्वतःच उघडतो, आणि ते उघडंच राहू द्यावं. एफ ८ ला नेऊन चित्र धारदार होत नाही, उलट एवढ्या छोट्या सेन्सरवर मऊ पडतं. प्रकाश कमी पडला तर शटर १/१२५ वर आणा, आयएसओ वाढवू नका. पिंगळा बसल्या जागी बराच वेळ दगडासारखा असतो, हलते ती मान. दोन हालचालींच्या मधला क्षण पकडला की १/१२५, टेका चांगला असेल तर १/८० सुद्धा चालतं. आयएसओ १६०० ला मात्र कपाळावरचे पांढरे ठिपके एकमेकांत मिसळतात आणि पिंगळा लोकरीचा दिसू लागतो. हा परिणाम कॅमेरा आतल्या आत दाणे पुसून काढतो त्याचा आहे. मेनूमध्ये नॉइज रिडक्शन ‘लो’ वर ठेवा, आणि संगणकावर काम करायची तयारी असेल तर रॉ (कॅमेऱ्याने न पुसलेली कच्ची फाइल) अधिक जेपेग घ्या. दाणे राहू द्या, ठिपके जाऊ देऊ नका.

एक्स्पोजर, म्हणजे फोटोचा उजळपणा, दोनच ठिकाणी फसतं; तिथे एक्स्पोजर कॉम्पेन्सेशनने तो वाढवायचा (+) किंवा कमी करायचा (-). पिंगळा उघड्या फांदीवर आणि मागे पांढरं आकाश असेल तर पक्षी काळवंडतो, +०.७ ते +१ द्या. उलट, काळ्या ढोलीतून उन्हात तोंड काढलं असेल तर पांढऱ्या भुवया आणि गळपट्टी जळतात, तिथे -०.७. भुवयांमधला तपशील एकदा जळला की परत येत नाही, म्हणून शंका असेल तेव्हा कमीच ठेवा.

फोकसबद्दल सविस्तर सांगायला हवं, कारण पुष्कळ फोटो इथेच वाया जातात. एएफ एरिया, म्हणजे फोकस जिथे बसतो ती चौकट, ‘मॅन्युअल, स्पॉट’ करा. विस्तृत चौकट ठेवली तर कॅमेरा समोरची काडी पकडतो, आणि पिंगळा नेहमी काड्यांच्या मागेच बसतो. छोटी चौकट डोळ्यावर ठेवा. पिवळं बुबुळ आणि काळी बाहुली यांच्यात ठळक फरक असल्यामुळे फोकस तिथे झटकन बसतो, छातीच्या करड्या पिसांवर चाचपडतो. पानांच्या जाळीतून डोळा दिसत असेल आणि फोकस सारखा निसटत असेल तर मॅन्युअल फोकस घ्या. नळीच्या डाव्या बाजूच्या चकतीला हे काम नेमून देता येतं, आणि फोकस पीकिंग चालू केलं की धारदार कडा रंगाने उजळतात. पूर्ण झूमला साधारण पाच मीटरच्या आत फोकस बसत नाही, पण तेवढ्या जवळ जायचंच नाहीये.

दुसरी अडचण पक्षी सापडण्याची. २००० मिलिमीटरला व्ह्यूफाइंडरमधून दिसतो तो जेमतेम एक अंश रुंदीचा तुकडा. मुलं झूम पूर्ण लावून झाड शोधत बसतात आणि त्यांना नुसती पानं दिसतात. क्रम असा शिकवा: झूम मागे, पूर्ण झाड चौकटीत, पक्षी बरोबर मध्यभागी, मग झूम पुढे. मध्येच पक्षी सुटला तर नळीच्या बाजूला असलेलं स्नॅप-बॅक झूमचं बटण दाबून धरा. झूम तात्पुरता मागे येतो, पक्षी मध्यावर आणून बटण सोडलं की पुन्हा होता तिथे जातो. या कॅमेऱ्याची सगळ्यात गुणी सोय ही. नऊ-दहा वर्षांच्या मुलाला पाच मिनिटांत जमते. झूम मेमरीत ५००, १००० आणि २००० एवढेच टप्पे ठेवले तर झूमचा खटका प्रत्येक वेळी नेमक्या जागी थांबतो. डिजिटल झूम पहिल्याच दिवशी बंद करून टाका. ८३ च्या पुढचा आकडा म्हणजे आहे तेच चित्र ताणलेलं.

स्थिरीकरण चांगलं आहे, पण पूर्ण झूमला त्याच्यावर एकट्यावर विसंबू नये. ट्रायपॉड नेला तर लेकराबाळांच्या गर्दीत कुणीतरी त्याला अडखळतं. एका पायाचा मोनोपॉड सोयीचा, आणि त्याहून सोपी गोष्ट म्हणजे धान्याची पिशवी. जुन्या जीन्सच्या पायाचा हातभर तुकडा दोन्हीकडून शिवा, आत किलोभर तांदूळ किंवा मूग भरा, पिशवी दोन तृतीयांशच भरलेली असू द्या. गच्च भरली तर कॅमेरा वर डुगडुगतो. गाडीच्या अर्ध्या उघडलेल्या काचेवर, दगडी कुंपणावर, झाडाच्या बेचक्यात ती कुठेही बसते. टेका कॅमेऱ्याच्या अंगाला आणि नळीच्या न हलणाऱ्या भागाला द्यायचा. झूम केल्यावर पुढे येणारी नळी पिशवीवर टेकवली तर मोटरवर ताण येतो आणि चित्रही खाली सरकतं. गाडीतून काढत असाल तर इंजिन बंद करा. त्याची थरथर २००० मिलिमीटरला स्वच्छ दिसते. ट्रायपॉड वापरलाच तर स्थिरीकरण बंद आणि दोन सेकंदांचा टायमर, किंवा एमएल-एल७ हा ब्लूटूथ रिमोट.

सलग फोटोंचा वेग सेकंदाला सात, पण एका दमात जास्तीत जास्त दहा. मग कॅमेरा कार्डावर लिहीत बसतो आणि तेवढा वेळ बटण निरुपयोगी. रॉ चालू असेल तर आणखी उशीर. त्यामुळे बटण दाबून धरण्याची सवय इथे महागात पडते. पिंगळा मान वळवायला लागला की तीन-चार फोटोंचा झटका घ्यावा, थांबावं, पुन्हा घ्यावा. झेप घेतानाचा पिंगळा या कॅमेऱ्याने मिळेल अशी आशा धरू नका. तो पक्षी बुंध्यावरून खाली सुटतो तो नेमक्या कुठल्या क्षणी, हे कळेपर्यंत निघून गेलेला असतो. मान खालीवर, डावीउजवीकडे डोलवण्याची त्याची लकब मात्र व्हिडिओत फार सुंदर येते. ४के, सेकंदाला ३० फ्रेम, झूम एकदा लावल्यावर हलवायचा नाही, कारण झूमच्या मोटरची घरघर आवाजात येते. पहाटेचा चिर्रर्र-चिवक चिवक असा जोडीचा कलकलाट टिपायचा असेल तर बाहेरच्या माइकसाठी खोबण आहे. हाच आवाज ओळखून भविष्य सांगणारे म्हणून पिंगळा जोशी पहाटे दारोदार यायचे. मुलांना ही गोष्ट सांगितली की पुढची दहा मिनिटं ती न सांगता गप्प बसतात.

घरून निघण्यापूर्वी करायच्या गोष्टी: बटणांचा आणि शटरचा आवाज दोन्ही बंद. फोकससाठी पुढे लागणारा दिवा बंद. सावलीत तो आपोआप पेटतो आणि थेट पक्ष्याच्या तोंडावर पडतो. फ्लॅश आपण उघडल्याशिवाय उघडत नाही, तो तसाच मिटलेला ठेवा. ही सगळी मांडणी डायलवरच्या ‘यू’ मध्ये साठवून ठेवा, म्हणजे कॅमेरा कुणाच्याही हातात गेला तरी एकाच खटक्यात पिंगळ्यासाठी तयार. चष्मा लावणाऱ्या आजोबांनी व्ह्यूफाइंडरजवळची डायॉप्टरची चकती आपल्या डोळ्याला जुळवून घ्यावी, नाहीतर चांगला फोटोही त्यांना धूसर दिसतो.

बॅटरी लहान आहे. कंपनीच्या मोजणीत एका चार्जवर सुमारे २९० फोटो. सारखा झूम मागेपुढे, पडदा चालू, मध्ये व्हिडिओ, असं सहलीतलं वागणं धरलं तर तेवढे होत नाहीत. ईएन-ईएल२०ए ही दुसरी बॅटरी आणि वेगळा चार्जर कॅमेऱ्याबरोबरच घ्या, कारण एरवी बॅटरी कॅमेऱ्यात ठेवूनच मायक्रो-यूएसबीने भरावी लागते आणि तोवर कॅमेरा अडकून पडतो. पावसापासून संरक्षण नाही. जूननंतर प्लॅस्टिकच्या पिशवीचा भरवसा धरण्यापेक्षा तो घरी ठेवलेला बरा. तसंही त्या दिवसांत प्रकाश पुरत नाही.

कुटुंबासाठी खास उपयोगाचा भाग म्हणजे फिरणारा पडदा. सतरंजीवर बसायचं, कॅमेरा पिशवीवर टेकवायचा, पडदा बाहेर काढून वर वळवायचा. तीन मुलं एकाच वेळी पिंगळा बघू शकतात आणि कुणी उठून उभं राहत नाही. पडदा स्पर्शाने चालत नाही. मोबाइलची सवय असलेली पोरं त्यावर बोटं आपटतात, एवढं आधी सांगून ठेवा. तरीही कॅमेरा हा दुर्बिणीला पर्याय नाही. ८x४२ ची (आठ पट मोठं दाखवणारी) एक दुर्बीण सोबत असू द्या. एक जण फोटो काढताना बाकीच्यांनी काय करायचं, हा प्रश्न सुटला नाही तर पंधराव्या मिनिटाला सगळे उठून झाडाकडे चालू लागतात.

झाड ओळखायचं ते खुणांवरून. फांदीखाली किंवा बुंध्यावर चुन्यासारखे पांढरे ओघळ, खाली भुंगेऱ्यांच्या चकचकीत पाठींचे तुकडे असलेल्या, पिंगळ्याने ओकलेल्या करड्या गोळ्या, आणि एकाच जागी गलका करणारे बुलबुल किंवा खारी. पक्षी सापडल्यावर त्याच्याकडे बघत राहा, कॅमेऱ्याकडे नव्हे. डोळे अर्धे मिटलेले, पिसं फुगलेली, एक पाय पोटात: स्वस्थ आहे. अंग बारीक करून ताठ झाला, डोळे वटारून तुमच्याकडेच मान डोलवू लागला, की पाच पावलं मागे. त्यानंतरही तसाच राहिला तर निघा. स्वस्थ असला तरी एका झाडाखाली पंधरा मिनिटं पुरेत. फेब्रुवारी ते एप्रिल हे बहुतेक ठिकाणी अंडी-पिलांचे दिवस. तेव्हा ढोलीवर कॅमेरा रोखून बसूच नये. मोबाइलवर त्याचा आवाज वाजवून बोलावणंही नको, जोडी आपला इलाका वाचवायला बाहेर येते आणि घरट्याकडे दुर्लक्ष होतं.

रानपिंगळा, म्हणजे पिंगळ्याचा दुर्मीळ भाऊबंद, याच्या मागावर जाणाऱ्यांसाठी चार शब्द वेगळे. १८८४ नंतर शंभराहून अधिक वर्षं ज्याचा ठावठिकाणा नव्हता तो हा पक्षी १९९७च्या नोव्हेंबरमध्ये शहाद्याजवळ पुन्हा सापडला. पुढे मेळघाटात आणि २०१४ मध्ये ठाणे जिल्ह्यातल्या तानसा अभयारण्यातही आढळला. तो दिवसाउजेडी हिंडतो, त्यामुळे पी९५०ला लागणारं ऊन इथे आयतं मिळतं. साध्या पिंगळ्याच्या डोक्यावर स्पष्ट पांढरे ठिपके असतात, रानपिंगळ्याचं डोकं जवळजवळ बिनठिपक्याचं, पाय दाट पांढऱ्या पिसांचे, शेपटीवर रुंद पट्टे. अंगभर बारीक आडव्या रेघा असतील तर तो जंगली पिंगळा. ओळख पटवायला एक समोरून आणि एक बाजूने असे दोन फोटो पुरतात, आणि ते रस्ता न सोडता, वनखात्याच्या परवानगीने, स्थानिक वाटाड्याबरोबर घेता येतात. जगभर धोक्यात असलेल्या या पक्ष्यासाठी २० मीटरचीही घाई नको, ३० वर थांबा.

दुसरे पर्याय? पी१००० चा पल्ला ३००० मिलिमीटर, पण वजन १४१५ ग्रॅम आणि पूर्ण झूमला तोंड एफ ८, म्हणजे आणखी अंधार. मुलांच्या हातात तो टिकत नाही आणि २० मीटरवरच्या पिंगळ्याला एवढा पल्ला लागत नाही. सोनीचा आरएक्स१० मार्क ४ हा पैसे असतील तर गंभीरपणे विचारात घ्यावा: एक इंची सेन्सर, म्हणजे चौपट क्षेत्रफळ, ६०० मिलिमीटरला एफ ४, फोकस कितीतरी चपळ. सांजवेळी तो पी९५०च्या बराच पुढे. पण २० मीटरवर त्याच्या फ्रेममध्ये पिंगळा उंचीच्या पावभरच राहतो, किंमत लाखाच्या वर जाते, आणि चित्र लहान दिसलं की माणूस पुढे सरकतो. केवळ या शेवटच्या कारणासाठी आम्ही कुटुंबाला पी९५० सुचवतो.

कॅमेऱ्यात स्वतःचं जीपीएस नाही, पण निकॉनच्या स्नॅपब्रिज अ‍ॅपने मोबाइलला जोडला की मोबाइलची जागा फोटोत नोंदली जाऊ शकते. ती नोंद बंद ठेवा. दिवाळीच्या सुमारास अंधश्रद्धेपोटी घुबडं पकडली जातात, आणि पिंगळा १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने संरक्षित असला तरी ढोली कुठे आहे हे ठाऊक असलेल्याला तो पकडणं अवघड नाही. फोटो टाकताना गावाचं नाव गाळून फक्त जिल्हा लिहा. मागे देवळाचा कळस, पाण्याची टाकी किंवा मैलाचा दगड आला असेल तर तेवढा भाग कापूनच पुढे पाठवा.